धूमकेतूचा फोटो, साध्या कॅमेऱ्यात

2025च्या दिवाळीत लेमन धूमकेतू पश्चिमेला दिसून गेला आणि फोटोंबद्दल पत्रांचा ढीग आला. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत. मी जुन्नरला फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो हा रोजचा धंदा आणि आकाश हा तीस वर्षांचा नाद. माझी उत्तरं त्या दोन्हींतून आली आहेत.

माझ्याकडे 18-55च्या किट लेन्सचा कॅमेरा आणि ट्रायपॉड आहे. लेमन धूमकेतूचे तीस-तीस सेकंदांचे वीस फोटो काढले. सगळ्यांत ताऱ्यांच्या रेघा आल्या आणि धूमकेतू म्हणजे नुसता पुसट डाग. आता टेलिस्कोप घ्यावा का? (वाई)

टेलिस्कोप घेऊ नका. धूमकेतूची शेपटी लांब पसरलेली असते, टेलिस्कोपच्या चिमूटभर चौकटीत ती मावतच नाही. तुमच्या फोटोत चूक कुठे झाली ते सांगतो.

पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, हे आपण शाळेत शिकलो. पण किती सरकतात, ते कॅमेऱ्याच्या मापात मोजून बघा. हल्लीच्या 24 मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर) 50 मिमीची लेन्स लावली, तर तारा दर सेकंदाला साधारण एक पिक्सेल पुढे जातो. तुम्ही 55वर तीस सेकंद शटर उघडं ठेवलंत, म्हणजे प्रत्येक तारा तीस पिक्सेल ओढला गेला. धूमकेतूचंही तेच झालं. फोटोवाले 500चा हिशेब वापरतात: 500 भागिले लेन्सचे मिलिमीटर, क्रॉप सेन्सर असेल तर मिलिमीटरला आधी दीडने गुणायचं. 55साठी उत्तर सहा सेकंद येतं. मी त्यातही हात आखडता घेतो आणि चारवर थांबतो.

चार सेकंदांत उजेड कमी पडणार, हे खरं. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर 50 मिमी, एफ 1.8ची लेन्स घ्या. आमच्या धंद्यात तिला नुसतं ‘फिफ्टी’ म्हणतात. किट लेन्सच्या मानाने फार महाग नाही आणि जुनी बाजारात सहज मिळते. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. तुमची किट लेन्स 55वर 5.6च्या पुढे उघडत नाही. फिफ्टी एफ 2वर ठेवली, तरी तिच्यातून आठपट उजेड येतो. क्रॉप सेन्सरवर तिची चौकट साधारण 25 अंश लांब आणि 17 अंश रुंद पडते. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंशांची असते, म्हणजे अडीच मुठी लांब आकाश. शेपटीसह धूमकेतू त्यात बसतो, खाली डोंगराची कडही येते.

आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 1600 ठेवा, फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न बदललेल्या मूळ रूपात घ्या, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर टाका. एकच फोटो काढून थांबू नका, साठ काढा. ते घरी एकावर एक बसवले की दाणेदारपणा जवळजवळ आठपट कमी होतो. त्यासाठी डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. डीपस्कायस्टॅकरमध्ये धूमकेतूसाठी वेगळी सोय आहे, कारण धूमकेतू ताऱ्यांमधूनही सरकत असतो. ताऱ्यांवर फोटो जुळवले की त्याचं डोकं लांबट होतं, त्याच्यावर जुळवले की ताऱ्यांच्या रेघा होतात. दहा मिनिटांच्या आतलं काम असेल तर ताऱ्यांवर जुळवा, फारसं बिघडत नाही.

‘पुसट डाग’ हे शब्द वाचून मला फोकसची शंका येते. लेन्सवर अनंताची जी खूण असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. ऑटोफोकस बंद करा, शुक्र किंवा एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, दहापट मोठा करा आणि रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे करत तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत थांबा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. अंधारात हात लागून ती फिरतेच.

हे सगळं हाताच्या सवयीने जमतं. जमत नाही ते क्षितिज. मोठे धूमकेतू सूर्याजवळ असतानाच सर्वांत तेजस्वी असतात, त्यामुळे ते सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, खूप खाली दिसतात आणि तासा-दीड तासात मावळतात किंवा उजेडात विरतात. 2024च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-अॅटलास आला होता. 12 तारखेला, दसऱ्याच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, सुमारे सात कोटी किलोमीटरवर. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आहे. माझ्या गच्चीवरून सूर्यच वेळेआधी डोंगराआड जातो, तिथे धूमकेतू कुठून दिसणार?

म्हणून 14 तारखेला दुकान लवकर बंद करून नाणेघाट गाठला. तिथे पठार संपतं आणि कोकण एकदम पायाखाली येतं. पश्चिमेचं क्षितिज नजरेच्याही खाली असतं. परतीच्या पावसाचे ढग होते. सव्वासहाला सूर्य गेला तेव्हा पश्चिम पूर्ण झाकलेली होती. डाव्या हाताला शुक्र एकदा डोकावला आणि गेला. त्या आठवड्यात धूमकेतू शोधायची खूण सोपी होती: डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वाती, मधल्या जागेत तो. सात वाजून गेल्यावर ढगाला एक फट पडली. आधी काहीच दिसेना. मग क्षितिजापासून दीड मुठीवर कुणीतरी ओल्या बोटाने वर पुसत नेल्यासारखा उजेडाचा पट्टा दिसला. चांदणं होतं, तरी नुसत्या डोळ्यांना दिसला. अकरा मिनिटं मिळाली. मी 74 फोटो काढले. त्यांतल्या शेवटच्या वीसांत खालून चढलेलं धुकं आहे आणि त्याच्यामागे कल्याणकडचा नारिंगी उजेड.

त्या अकरा मिनिटांत कॅमेरा चाचपत बसलो असतो तर काहीच हाती लागलं नसतं. फोकस शुक्रावर आधीच झाला होता. ट्रायपॉड कुठे लावायचा ते आठवडाभर आधी, दुपारी जाऊन ठरवलं होतं. वाईच्या पश्चिमेलाही डोंगर आहेत. तुम्ही लेन्सच्या आधी जागा शोधा, एवढं मी आग्रहाने सांगेन. आणि आमच्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना: उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नका. बिबट्या आहे. दोघं-तिघं मिळून जा, गाडीजवळ थांबा.

मी डोंबिवलीत राहतो. गच्चीवरून धूमकेतूचा फोटो येईल का? (डोंबिवली)

त्सुचिनशान-अॅटलाससारखा असेल तर येईल. लेमनसारखा, साधारण चौथ्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) असेल तर डोळ्यांना दिसणार नाही, पण कॅमेऱ्यात सापडू शकतो. मोबाईलवर स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या ॲपमध्ये जागा बघा, त्या दिशेचा दोन-तीन सेकंदांचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून तपासा. ताऱ्यांमध्ये एक तारा लोकरीसारखा दिसतोय का? तोच. शहरात आयएसओ आणि वेळ दोन्ही कमी ठेवा, नाहीतर आकाश पांढरं पडतं. फोटोंची संख्या मात्र वाढवा.

मुंबईचे आकाशवेडे वर्षानुवर्षं कर्जत लाइनवर वांगणीला जात आले. तिथेही आता इमारती वाढल्या आहेत. पण बाहेर जाणार असाल तर आधी एक गोष्ट बघा: धूमकेतू संध्याकाळचा आहे की पहाटेचा? वांगणीला उभं राहून पश्चिमेला बघितलं की ठाणे-मुंबईचा सगळा झगमगाट समोर येतो. त्यामुळे तिकडची जागा पहाटेच्या धूमकेतूसाठी चांगली, कारण तेव्हा शहर पाठीशी असतं. संध्याकाळच्या धूमकेतूसाठी अलिबागच्या पुढे समुद्रकिनाऱ्यावर जा. पश्चिमेला नुसतं पाणी, दिव्यांत दिवे होड्यांचे. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर पापुद्रा धरतो, तेवढी मऊ कापडाने दर दहा मिनिटांनी पुसा.

फोटोत लेमनचं डोकं हिरवं दिसतं. मी दुर्बिणीतून पाहिला तेव्हा तो राखाडी होता. फोटो रंगवलेले असतात का? (लातूर)

रंग खरा आहे. धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या वायूत कार्बनचे दोन अणू जोडलेले रेणू असतात. ते सूर्याच्या प्रकाशात हिरवे चमकतात आणि त्याच प्रकाशाने फुटूनही जातात, म्हणून हिरवेपणा डोक्यापाशीच राहतो, शेपटीत पोचत नाही. आपल्या डोळ्यांना मंद उजेडात रंग कळत नाहीत, सेन्सरला कळतात. फोटोत दोन शेपट्या दिसल्या तर त्यांतली सरळ, निळसर ती विद्युतभारित वायूची, आणि रुंद, जराशी वाकलेली, पिवळट ती धुळीची. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवायची सोय, ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा हे सगळं एका रंगात ओढतो. 4000 केल्व्हिनच्या आसपास पक्का ठेवा.

माझ्या वडिलांनी 1997 साली हेल-बॉप धूमकेतूचे फोटो काढले होते. ते आता नाहीत. कपाटात निगेटिव्ह सापडल्या, पण प्रिंट एकही नाही. काही करता येईल का? (संगमनेर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. प्रिंट का नसाव्यात, याचा मला अंदाज आहे.

त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप संध्याकाळी वायव्येला दिसे, इतका ठळक की बाजारातून घरी जाणारी माणसं थांबून बघत. आमच्या शेजारच्या आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणत, रोज दिवेलागणीला मला हाक मारून ‘आलं बघ’ म्हणून सांगत. मी नवीनच दुकान टाकलं होतं. 400चा रोल भरला, फिफ्टी लावली, पंधरा-पंधरा सेकंदांची 36 चित्रं काढली आणि रोल धुवायला लॅबमध्ये दिला. लॅबवाल्याला सगळी पट्टी कोरीच वाटली. त्याने ‘रोल ब्लँक’ असा शेरा मारून एकही प्रिंट काढली नाही. चित्राची कड दिसेना म्हणून निगेटिव्ह अंदाजाने कापली. सर्वांत चांगलं चित्र शेपटीतून दोन तुकडे झालं. तेव्हापासून आकाशाच्या रोलवर पहिलं चित्र मी नेहमी दिवसाउजेडी दुकानाच्या पाटीचं काढत असे, म्हणजे कापणाऱ्याला कड मोजता येई.

वडिलांच्या निगेटिव्हचंही बहुधा असंच झालं असावं. ब्लँक म्हणून परत आलेल्या पट्ट्या उजेडासमोर धरून भिंगातून बघा. निगेटिव्हवर तारे काळे ठिपके असतात आणि धूमकेतू काळसर फराटा. दिसला की असं करा. हातात सुती मोजे घाला, पट्टीवरची धूळ फुंकणीने उडवा, तोंडाने फुंकू नका. टॅबलेटचा पडदा पूर्ण पांढरा करून सपाट ठेवा, त्याच्यावर तीन-चार इंच उंचीवर पट्टी अधांतरी धरून बसवा, म्हणजे पडद्याचे ठिपके फोटोत येणार नाहीत. वरून मॅक्रो लेन्सने सरळ खाली रॉमध्ये फोटो घ्या. खोलीतले दिवे बंद हवेत. मग कॉम्प्युटरवर रंग उलटे करा.

2020च्या जुलैत निओवाइज आला तेव्हा ऐन पावसाळा होता आणि दुकानाला काम नव्हतं. जुन्नरच्या आकाशात मला तो एकही दिवस दिसला नाही. त्या संध्याकाळी मी हेल-बॉपचे ते दोन तुकडे असेच उतरवले आणि जोडले. कात्री गेली तिथे शेपटीत केसाएवढी फट आहे. ती मी भरली नाही. मोठी प्रिंट काढून दुकानात लावली आहे.

वडिलांच्या पट्ट्या कापलेल्या असतील तर तुकडे फेकू नका. आणि पट्टीच्या कडेला छापलेले आकडे नोंदवून ठेवा, त्यावरून कोणतं चित्र आधी, कोणतं नंतर ते कळतं. त्यांची वही किंवा डायरी सापडली तर तारखाही जुळवता येतील.

काका, मी नववीत आहे. माझ्याकडे बाबांचा जुना मोबाईल आहे. पुढचा धूमकेतू कधी येईल आणि मोबाईलवर फोटो येईल का? (नारायणगाव)

येईल. 2024च्या कोजागिरीला कितीतरी जणांनी दुधाची वाट बघता बघता गच्चीवरून मोबाईलवर धूमकेतू टिपला. मोबाईल हातात धरायचा नाही, कशाला तरी पक्का टेकवायचा. त्यात ‘प्रो’ मोड असेल तर आठ-दहा सेकंद, नसेल तर नाइट मोड, आणि टायमर लावायचा.

कधी येईल, याचं उत्तर दोन प्रकारचं आहे. हॅली 2061च्या जुलैत सूर्याजवळ येईल, तेव्हा तू माझ्या आजच्या वयाच्या आतबाहेर असशील. बाकीचे मोठे धूमकेतू सहसा फार आधी कळवत नाहीत. लेमन 2025च्या जानेवारीत सापडला आणि ऑक्टोबरात दिसला. म्हणून तयारी आत्ताच करायची. कृत्तिकांचा पुंजका ओळखतेस ना? मोबाईलमध्ये त्यातले सहा तारे सुटे सुटे आले की धूमकेतूला तू तयार आहेस.

आणखी एक काम दे स्वतःला. एका वहीत तुमच्या गच्चीवरून सूर्य कोणत्या झाडामागे, कोणत्या टाकीमागे मावळतो ते दर पंधरा दिवसांनी चित्र काढून लिहून ठेव. जून आणि डिसेंबरमधला फरक बघून चकित होशील. मोबाईल धरायचा एक क्लॅम्प माझ्याकडे जास्तीचा आहे. जुन्नरला आलीस की दुकानातून घेऊन जा, आणि येताना वही घेऊन ये.