गोव्यात सकाळी कयाकमधून पक्षी-प्राणी खरंच दिसतात का? आणि मगरींचं काय?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत दोघं येताय, पार्ट्यांत रस नाही, एखाद्या शांत नदीत सकाळी कयाक चालवायचाय. काही दिसतं का, आणि मगरींची भीती किती, हा प्रश्न.

दिसतं, भरपूर दिसतं. फक्त ‘कुठे जाऊ’ हे विचारायच्या आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. मी गोव्यातल्याच माशेलचा. आमच्याकडच्या नद्या समुद्राच्या तालावर चालतात. भरती आणि सुकती (ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो) आत पार खाजनांपर्यंत (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांपर्यंत) पोचते. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास भरती पुरी होते, आणि पुढे रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा. त्या हिशेबाने चतुर्थीला सकाळी साडेसातच्या आसपास पाणी तळाला असतं. माझ्या मते हीच सकाळ सर्वांत चांगली. जानेवारीत सूर्यच सातला उगवतो, पाण्यावर धुकं असतं, काठाचा चिखल पूर्ण उघडा, आणि नंतर भरती तुम्हाला अलगद ओढ्यात आत नेते. वल्हं मारायचं कामच उरत नाही.

अष्टमीला याच्या उलट. पहाटेच भरती होऊन गेलेली असते आणि तुम्ही उतरता तेव्हा पाणी पळत असतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मावसभाऊ आणि मी अशाच एका अष्टमीला मांडवीतल्या चोडण बेटाजवळच्या एका बारीक ओढ्यात घुसलो. नऊला बुड चिखलाला टेकलं ते दुपारी एकला सुटलं. उतरून ढकलायची सोय नव्हती, पाय मांडीपर्यंत जात होता. एक बाटली पाणी, दोघांत एक टोपी, आणि चिलटं.

मात्र त्या चार तासांत चिखल बघून घेतला. लांबून तो मेलेला वाटतो. दहा मिनिटं हललं नाही की बिळांतून खेकडे वर येतात, नखाएवढे, आणि नरांची एक नांगी अंगापेक्षा मोठी. ती वर-खाली हलवत माद्यांना बोलावत असतात. निवट्या कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकतात, दोन नर समोरासमोर आले की पाठीचा पर ताठ करून भांडतात. अंग ओलं असलं की त्यांना कातडीतूनही श्वास घेता येतो, म्हणून मासा असून पाण्याबाहेर मजेत. खारफुटीतल्या तिवराची श्वासमुळं पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी वर आलेली. कांदळाच्या झाडाला तर बी फांदीवरच रुजून हिरव्या शेंगेसारखं लोंबत असतं. या मुळांना हात लावू नका, त्यांना कालवं चिकटलेली असतात आणि ती ब्लेडसारखी कापतात. हवा भरायचा कयाक असेल तर त्याचंही काही खरं नाही.

जागा विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याला मी चोडण बेटच सांगेन. रायबंदरहून फेरीबोट, आणि उतरल्या उतरल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. 1988 सालचं, 1.78 चौरस किलोमीटरचं, म्हणजे छोटंसंच, पण सगळं खारफुटीचं. अभयारण्याच्या आत वनखात्याला विचारल्याशिवाय बोट घालू नका. बाहेरच्या ओढ्यांतही पक्षी तेच आहेत. खंड्यांसाठी तर ही जागा खास. नेहमीचा छोटा खंड्या आणि पांढऱ्या गळ्याचा, हे घराजवळही दिसतात. इथे काळ्या टोपीचा, लाल चोचीचा हिवाळी पाहुणा दिसतो, आणि नशीब असेल तर पांढरी कॉलर लावल्यासारखा निळा-हिरवा खंड्या. हा शेवटचा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सहज कुठेही दिसत नाही. वर ब्राह्मणी घारी असतातच. थंडीत मासे पकडणारी मीनघारही येते. ती पाण्यात पायांनी आपटते तो आवाज धुक्यात दचकवतो.

कयाकचा फायदा असा की माणूस बसलेला, बुटका दिसतो. उभ्या माणसाला बघून उडणारा बगळा कयाकला बऱ्यापैकी जवळ येऊ देतो. पण थेट त्याच्याकडे नाक करून गेलात तर नाही. तिरकं जा, वल्हं मांडीवर आडवं ठेवा, पाण्याला नेऊ द्या. भडक केशरी लाइफ जॅकेटचं वाईट वाटून घेऊ नका, ते घालाच, विशेषतः पोहता येत नसेल तर. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत लिहिण्यासारखं नाही.

पाणमांजरं दिसतील का? मला सहा हिवाळ्यांत तीनदा दिसलीत. बऱ्याचदा त्यांची खूणच सापडते: खाजनाच्या बांधावर, मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ), माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा. ती ताजी असेल तर तिथेच गप्प थांबा. कुटुंबाने फिरतात आणि शिट्टीसारखं ओरडतात, म्हणून दिसायच्या आधी ऐकू येतात.

आता मगरी. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात त्या आहेत, आणि खाऱ्या पाण्यात आहेत हे विशेष, कारण ही जात मुळात गोड्या पाण्यातली. खाजनवाल्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात तिला. तरीही त्या कालव्यात कयाक घालू नका, कोणी स्वस्तात नेतो म्हणाला तरी. बाकी कुठल्याही ओढ्यात उतरण्याआधी तिथल्या मासे पकडणाऱ्याला विचारा. इंटरनेटवरच्या माझ्यासारख्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. मगर बघायचीच असेल तर कालव्यात मोटरबोटीने जा, पाणी उतरलेलं असताना, नऊ-दहाच्या उन्हात. तेव्हा ती चिखलावर तोंड उघडं टाकून पडलेली असते. आणि फोटोसाठी बोट काठाला लावायची नाही, हे बोटवाल्याला पैसे देण्याआधीच सांगा.