जुन्या डेस्कटॉपला ४ टीबीची डिस्क जोडायची आहे? पोर्ट मोजण्याआधी एसएमपीएस बघा

नमस्कार. आधी महत्त्वाचं सांगतो: तुमचा मदरबोर्ड ४ टीबीची डिस्क घेईल. दुकानदाराने "बोर्ड जुना झाला, एवढी मोठी डिस्क ओळखणार नाही, नवीन पीसी घ्या" असं सांगितलं असलं तरी फक्त डिस्कसाठी नवीन मशीन घेऊ नका.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात. जळगावातला फोटो स्टुडिओ, २०१३ सालचा असेम्बल केलेला डेस्कटॉप. एच६१ चिपसेटचा बोर्ड, आय३-३२२० प्रोसेसर, २४० जीबीच्या एसएसडीवर विंडोज १०, १ टीबीची गच्च भरलेली जुनी हार्डडिस्क आणि एक डीव्हीडी रायटर. लग्नांचं शूटिंग ठेवायला ४ टीबीच्या दोन डिस्क आत बसवायच्या आहेत. साटा पोर्ट (बोर्डावर डिस्कची डेटा केबल लावायच्या जागा) चार, त्यातले तीन वापरात. एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) साटा पॉवर पिना तीनच आणि तिन्ही गुंतलेल्या. म्हणून एक मोलेक्स स्प्लिटर (जुन्या चार तारांच्या पिनेवरून साटाची पॉवर काढणारी वायर) विकत आणलाय, तो लावू का, असं विचारलंय.

तो स्प्लिटर अजून लावू नका. त्याची साटाकडची पिन उजेडात धरून नीट बघा. हे स्प्लिटर दोन प्रकारचे मिळतात. एका प्रकारात वायरी साच्यात ठेवून वरून प्लास्टिक ओतलेलं असतं, पिन म्हणजे एक अखंड ठोकळा दिसतो, मागे कुठे उघडायची फट नसते. ओतताना वायर जराशी सरकली तर १२ व्होल्टची पिवळी आणि शेजारची काळी यांच्यात फारसं अंतर उरत नाही. पुढे उष्णतेने प्लास्टिक मऊ पडलं की शॉर्ट होतो, पिन वितळते, आणि तिच्याबरोबर डिस्कचा कनेक्टरही जळतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वायरच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवलेलं असतं आणि मागे निघणारी टोपी असते. घ्यायचाच तर हा दुसरा घ्या. पहिल्या प्रकारातले जळालेले कनेक्टर मी रिपेअरच्या टेबलावर पाहिलेत, आणि त्या डिस्कवरचा डेटा काढून घेण्याचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतो.

पण खरा प्रश्न स्प्लिटरच्या मागच्या डब्याचा आहे. एसएमपीएस मशीनबरोबरच घेतलेला असेल तर तो दहा वर्षांहून जुना झाला. लेबलवर ४५० वॅट मोठ्या अक्षरात छापलेलं असेल, त्याकडे बघू नका. खाली छोट्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. ३.५ इंची हार्डडिस्क चालू असताना जेमतेम ५ ते ८ वॅट खाते, पण थांबलेली प्लेट फिरायला लागते तेव्हा काही सेकंद १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅटच्या आसपास ओढते. साध्या डेस्कटॉपमध्ये बटण दाबल्याबरोबर सगळ्या डिस्क एकदमच फिरू लागतात. तीन हार्डडिस्क असल्या तर सुरुवातीचा झटका ६ अँपिअरचा झाला, वर प्रोसेसर आहेच. तुमचा आय३ ५५ वॅटचा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, त्यामुळे कागदावर सगळं आरामात बसतं. मात्र जुन्या लोकल एसएमपीएसमधले कपॅसिटर वाळलेले असतात आणि ऐन सुरुवातीला १२ व्होल्टची पातळी खाली येते. मग कधी डिस्क दिसते, कधी दिसत नाही, कधी काम चालू असताना मध्येच गायब होते, आणि लोक डिस्कला दोष देतात. सकाळी पहिल्यांदा मशीन चालू करताना दोनदा बटण दाबावं लागत असेल, पंखा घरघरत असेल किंवा मागून गरम वास येत असेल, तर डिस्कच्या आधी एसएमपीएस बदला. चांगल्या कंपनीचा आणि साटाच्या पाच-सहा पिना असलेला घेतलात की स्प्लिटरचा विषयच संपतो.

एसएमपीएस ठणठणीत असेल तर मोलेक्सपेक्षा साधा उपाय आहे. एसएसडीला जाणाऱ्या पिनेवर साटाचा वाय स्प्लिटर लावा. एसएसडी फार थोडी वीज खाते, त्यामुळे एका पिनेवर एसएसडी आणि एक हार्डडिस्क सहज चालतात. एका साटा पॉवर पिनेची मर्यादा १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर आहे. एकाच पिनेवर दोन-तीन हार्डडिस्क मात्र लटकवू नका.

आता ४ टीबीबद्दल. दुकानदाराचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये (डिस्कच्या भागांची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात) सेक्टरचा पत्ता ३२ बिटांत लिहितात आणि सेक्टर ५१२ बाइटचा धरतात. तो गुणाकार २.२ टीबीला संपतो, विंडोजच्या हिशेबात २०४८ जीबीला. म्हणून ४ टीबीची डिस्क एमबीआरने सुरू केली तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबीचा एक तुकडा आणि १६७८.०२ जीबीचा काळा पट्टा दिसतो. त्या काळ्या पट्ट्यावर राइट क्लिक करून काहीही होत नाही. जीपीटी ही नवी पद्धत निवडली की पूर्ण ३७२६.०२ जीबी मिळतात. विंडोज १० ला जीपीटीची डेटा डिस्क वापरायला बायोस (बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्रॅम) नवा असावा लागत नाही. ती अट विंडोज त्याच डिस्कवरून बूट करायची असेल तेव्हाची, आणि तुमचं विंडोज एसएसडीवर आहे, ते तिथेच राहू द्या. डिस्कचा आकडा भलताच लहान दिसला, उदाहरणार्थ ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी, तर इंटेलचा जुना साटा ड्रायव्हर बसलेला असतो. तो काढून मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर राहू दिला तरी काम होतं.

वेगाची काळजी सोडा. एच६१ चे चारही पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३०० एमबीच्या आत. ४ टीबीची हार्डडिस्क स्वतःच साधारण १५० ते १८० एमबीच्या पुढे जात नाही. पोर्ट तिला अडवत नाही.

याच काळातले एच६७ किंवा पी६७ बोर्ड ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने या चिपसेटमधला दोष जाहीर केला होता: ३ गिगाबिटचे पोर्ट काळाच्या ओघात कमकुवत होत जातात. नंतर बी३ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. अगदी सुरुवातीचा, न बदललेला बोर्ड असेल तर डिस्क ६ गिगाबिटच्या दोन पोर्टनाच लावा. तुमचा बोर्ड नंतरचा आहे, तुम्हाला हे लागू नाही.

डिस्क कुठली घ्यावी? दुकानात "डेस्कटॉपची डिस्क द्या" म्हटलं की बहुतेक वेळा एसएमआर प्रकारची हातात पडते. तिच्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. वाचायला अडचण नसते, पण एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एका लग्नाचं दोन-तीनशे जीबी फुटेज एका दमात टाकलं की सुरुवातीला वेग छान असतो आणि मग एकदम कोसळतो. सीगेटची एसटी४०००डीएम००४ ही ४ टीबीची बॅराकुडा याच प्रकारची आहे. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' नावाच्या काही डिस्कही एसएमआर निघाल्या आणि पाकिटावर तसं लिहिलेलं नव्हतं म्हणून बराच गदारोळ झाला. सीसीटीव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) पर्पल आणि सीगेट स्कायहॉक सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, आहेत आणि तालुक्याच्या गावातही मिळतात. "सीसीटीव्हीची डिस्क पीसीला चालत नाही" हा गैरसमज आहे. तिची खास रेकॉर्डिंगची सोय डीव्हीआरने मागितली तरच वापरली जाते, पीसीमध्ये ती नेहमीसारखीच चालते. तुमच्या कामाला मी तीच घेईन.

रिफर्बिश्ड स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. स्मार्टमधले (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींतले) चालू तासांचे आकडे पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. गिऱ्हाइकांची लग्नं त्या डिस्कवर असणार आहेत.

आणि इथे माझं मत तुमच्या बेतापेक्षा वेगळं आहे. दोन्ही डिस्क आत बसवू नका. एक आत बसवा, दुसरी बाहेर ठेवा.

तुम्ही लिहिलंय की एका डिस्कवर जागा संपली की दुसरी वापरणार. म्हणजे प्रत्येक लग्नाची एकच प्रत. दुसऱ्या डिस्कवर कॉपी ठेवायचं ठरवलंत तरी त्या दोन्ही एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच एसएमपीएसच्या वायरींवर असतील. पावसाळ्यात वीज पडून लाइनमधून झटका आला, एसएमपीएस जाता जाता १२ व्होल्टच्या जागी भलतंच काही सोडून गेला, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला किंवा मशीनच चोरीला गेलं, तर दोन्ही प्रती एकदम गेल्या. गिऱ्हाइकाला पैसे परत देता येतील, हळदीचा दिवस पुन्हा आणता येत नाही. रेडचा (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायच्या पद्धतीचा) विचारही या मशीनवर करू नका. रेड एक डिस्क मेल्यावर काम चालू ठेवतं, चुकून डिलीट झालेलं फोल्डर परत देत नाही. विंडोजमध्ये दोन डिस्क जोडून एक मोठा ड्राइव्ह करायचा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. त्यात एक डिस्क गेली की दोन्हींवरचं जातं.

दुसरी डिस्क स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेल्या ३.५ इंची यूएसबी केसमध्ये टाका आणि कॉपी झाली की घरी न्या. एच६१ मध्ये मुळात यूएसबी ३.० नाही. २.० वर सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे १ टीबीला आठ तास. पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारं यूएसबी ३.० कार्ड टाकलंत तर तेच काम दोन तासांत होईल. दोन अतिरिक्त साटा पोर्टचं कार्ड घ्यायच्या ऐवजी हे कार्ड घ्या. बाहेरची डिस्क ज्या केसमध्ये वापरायची त्याच केसमध्ये लावून फॉरमॅट करा. काही केस सेक्टर ४०९६ बाइटचे दाखवतात, आणि साटावर फॉरमॅट केलेली डिस्क त्यांच्यात टाकली की विंडोज "फॉरमॅट करायची का?" असं विचारतं. डेटा गेलेला नसतो, पण घाईत 'हो' दाबणारे असतात.

पुढे कधी साटाचं कार्ड लागलंच तर एएसएम१०६१ चिपचं दोन पोर्टचं साधं कार्ड घ्या. एका छोट्या स्लॉटमधून आठ-दहा पोर्ट देणारी स्वस्त कार्डं टाळा. त्यांत एकाच पोर्टला फाटे फोडलेले असतात आणि लोड आला की डिस्क गळतात.

बसवताना मशीनची वायर भिंतीतूनच काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. हार्डडिस्कचा स्क्रू जाड आट्यांचा असतो, डीव्हीडी रायटर आणि एसएसडीचा बारीक आट्यांचा. दोन्ही एकाच पुडीत येतात. हाताने दोन आटे सहज गेले तरच स्क्रूड्रायव्हर लावा. जुन्या आणि नव्या डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडा आणि समोर १२० एमएमचा पंखा लावा. जळगावचा मे महिना लक्षात घेता हा पंखा मी आवश्यकच म्हणेन. खोलीतच ४२ अंश असतील तर बंद कॅबिनेटमध्ये डिस्क पन्नाशी ओलांडते, आणि कंपन्या वरची मर्यादा साधारण ६० देतात. मोठ्या कॉपी रात्री लावा. साटा केबल लॅचवाली घ्या आणि पिनेजवळ काटकोनात दुमडू नका.

पहिल्यांदा चालू केल्यावर "ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही" असं आलं तर घाबरू नका. बायोसने नवी डिस्क बूटच्या यादीत वर घेतलेली असते, एसएसडी पुन्हा पहिली करा. तिथे असताना साटा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो तो) आयडीई की एएचसीआय हे बदलू नका, नाहीतर विंडोज ०x७बी ची निळी स्क्रीन दाखवेल. मशीनची तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल आधी बदला, कारण सेल संपल्यावर बायोस स्वतःच हा मोड मूळपदावर नेतो आणि एका सकाळी मशीन उठतच नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइझ करताना जुनी १ टीबीची डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकीच्या डिस्कवर क्लिक व्हायची भीतीच नको. जीपीटी, एनटीएफएस, आणि 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट. त्याला सात-आठ तास लागतील, पण प्रत्येक सेक्टरवर एकदा लिहून होतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या स्मार्ट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरच्या ओळी बघा. तिन्ही शून्य हव्यात. नसतील तर डिस्क तशीच दुकानात परत करा. सी७ ची ओळ वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल बदला. हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या.

जुन्या १ टीबीवरचा डेटा नव्या डिस्कवर आणि बाहेरच्या डिस्कवर, दोन्हीकडे उतरेपर्यंत तिच्यावरचं काही पुसू नका. एसएमपीएसच्या लेबलचा आणि त्या स्प्लिटरच्या पिनेचा फोटो इथे टाका, १२ व्होल्टचे आकडे बघून तो ठेवायचा की बदलायचा ते सांगतो.