राग कोणाचा, आजाराचा की माणसाचा?

“हे पूर्वीचे राहिले नाहीत, आता माझाच राग राग करतात.” मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाची घरी शुश्रूषा करणाऱ्या पत्नींकडून ठाण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचे उत्तर लिहूनच द्यावे असे वाटले. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

कळव्याच्या अशाच एका बाईंच्या पतीची गाठ मेंदूच्या पुढच्या भागात होती. शस्त्रक्रिया झाली होती, खारघरला रेडिएशन चालू होते. बाईंची वही चोख होती. गोळ्यांच्या वेळा, सकाळची डोकेदुखी, उलटी, आकडी, सारे त्यात होते.

“यात राग कुठे लिहिला आहे?” मी विचारले.

“राग काय लिहायचा, मॅडम? तो आजाराचा थोडाच असतो? तो माझ्यावर असतो.”

सारी गाठ या वाक्यात होती. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ अधिक दुखावतो, असे मी मानते. पण नुसते “अर्थ बदला” म्हणून भागले नसते, पुरावा त्यांच्याच हस्ताक्षरात मिळायला हवा होता. म्हणून डोकेदुखीशेजारी रागाचाही रकाना आखला. पुढच्या भेटींत त्यांनीच वही माझ्यापुढे सरकवली. राग बहुधा संध्याकाळी, पाहुणे आणि टीव्ही एकत्र असताना येत होता, आणि झोप न झालेल्या रात्रीनंतर हमखास येत होता. “म्हणजे मी समोर असते म्हणून माझ्यावर निघतो,” त्या म्हणाल्या. हे मी सांगितले असते, तर त्यांनी केवळ मान डोलावली असती.

मेंदूचा पुढचा भाग आवेग आवरतो. तेथे गाठ किंवा सूज असली की तो लगाम सुटतो. सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनने झोप उडते आणि चिडचिड वाढते. त्यांच्याकडे या औषधाची दिवसातली दुसरी गोळी रात्रीच्या जेवणानंतर दिली जात होती; वही पाहून डॉक्टरांनी ती दुपारी आणली. ही गोळी मनाने मात्र कधीही बंद करू नये, ते धोक्याचे असते.

राग चढलेला असताना वाद घालू नका, टीव्ही बंद करा, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा, आणि संध्याकाळचा एखादा तास दीर, मुलगा, कोणाकडे तरी निःसंकोच सोपवा. स्वभाव अचानक पालटला आणि सोबत गुंगी, उलट्या किंवा हातापायांत नवा अशक्तपणा दिसला, तर वहीत लिहून थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.