कंपनी म्हणते पुण्याला ये, घरचे म्हणतात जाऊ नकोस

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, वर्क फ्रॉम होम संपलं का आणि आता आम्ही काय करायचं. मी २१ वर्षं पुण्यात आयटी कंपन्यांच्या एचआरमध्ये काढलीत, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, पाच पत्रं घेतलीत.

प्रश्न : ताई, मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा लॅपटॉप घेऊन कराडला गावी आलो तो इथलाच झालो. लग्न इथंच झालं, मुलगी छोट्या शिशूत आहे, वडिलांची बायपास झालीय, दर महिन्याला दवाखाना असतो. कामात कधी कुणाला बोलायला जागा ठेवली नाही, रेटिंग कायम चांगलं. आणि आता मेल आलाय की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला या. सगळीकडेच असं चाललंय की आमचीच कंपनी? राजीनामा टाकू का? – कराडहून एक वाचक

राजीनामा आत्ता टाकू नका, हे सगळ्यात आधी. दुसरी नोकरी हातात नसताना रागाच्या भरात टाकलेला राजीनामा मी कितीदा बघितलाय आणि महिन्याभरानं तोच माणूस परत घेता का विचारायला आलेलाही बघितलाय.

तुमचीच कंपनी नाही हो. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक ऑफिसात असतील, त्याच टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस ऑफिसला बोलावलं आणि २०२४ मध्ये तिमाही व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कमीजास्त होणारा भाग, हजेरीला जोडला, हजेरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण रक्कम आणि ६० च्या खाली गेली तर काहीच नाही. विप्रोने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला तीन दिवस सक्तीचे केले, इन्फोसिसने मार्च २०२५ पासून मधल्या आणि खालच्या लेव्हलच्या लोकांना महिन्याला किमान दहा दिवस यायला सांगितलं. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवस केले. आणि ज्या झूमवर आपण लॉकडाऊनमध्ये बारशी आणि साखरपुडे केले त्या झूमनेसुद्धा ऑगस्ट २०२३ मध्ये ऑफिसपासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस या म्हणून सांगितलं.

पण हेच आकडे परत एकदा वाचा. कुठं पाच दिवस, कुठं तीन, कुठं महिन्याला दहा. म्हणजे गावी बसून बारा महिने काम ही सोय बहुतेकांची गेली, पण २०१९ सारखं रोज नऊ ते सहा हेही सगळीकडे परत आलेलं नाही. मधली जी जागा आहे ती कंपनीगणिक, टीमगणिक, कधीकधी मॅनेजरगणिक वेगळी आहे, आणि तुम्हाला जे काही मिळणारेय ते तिथंच मिळणारेय.

कंपन्या का बोलावतात याची कारणं मेलमध्ये लिहितात तेवढीच नसतात. हिंजवडीतल्या बऱ्याच बिल्डिंगी सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात आहेत, तिथल्या युनिटला सवलती मिळायच्या त्या काम त्या आवारातून होतं या हिशोबाने, म्हणून घरून काम करू द्यायला सरकारला जुलै २०२२ मध्ये सेझच्या नियमात ४३-अ हा वेगळा नियम घालावा लागला, तेव्हा निम्म्याच लोकांना परवानगी होती आणि डिसेंबरमध्ये तो आणखी सैल केला. म्हणजे कागदावर ती मुदतीची सूट होती, कायमचा हक्क नव्हता, आणि हे बहुतेक एम्प्लॉयींना कुणी कधी सांगितलंच नाही. त्यात ऑफिसची लांबलचक लीज असतात, क्लायंटच्या डेटाच्या अटी असतात. २०२२ मध्ये मूनलायटिंगचं, म्हणजे नोकरी करता करता गुपचूप दुसरीकडे काम करण्याचं प्रकरण गाजलं, विप्रोने ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं, त्यानंतर मॅनेजर लोकांच्या मनात शंका बसली ती बसलीच. आणि एक कारण कुणी उघड बोलत नाही पण मी मीटिंगांमध्ये बसून ऐकलंय, बोलावलं की काही लोक आपोआप सोडून जातात आणि कुणाला काढावं लागत नाही. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, कारण जाणारा बहुतेक वेळा तो असतो ज्याला बाहेर लगेच काम मिळतं किंवा तो ज्याच्या घरी आजारी माणूस आहे.

तुमच्या हातात एक चांगला पुरावा आहे तो वापरा. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ लोकांवर प्रयोग केला, काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं आणि काहींना पाचही दिवस ऑफिस. २०२४ मध्ये तो ‘नेचर’मध्ये छापून आला. दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं, आणि अप्रेझल, प्रमोशन यात काही फरक पडला नाही. जास्त फायदा दिसला तो बायकांना, मॅनेजर नसलेल्यांना आणि ज्यांचा प्रवास लांबचा आहे त्यांना. लक्षात ठेवा, हा अभ्यास हायब्रिडचा, म्हणजे काही दिवस ऑफिस काही दिवस घर याचा आहे, पूर्ण घरून काम करण्याचा नाही, तेव्हा मॅनेजरसमोर त्यातून जेवढं निघतं तेवढंच बोला, नाहीतर तो तिथंच तुम्हाला धरेल.

आता करायचं काय. ऑफर लेटर काढा आणि बेस लोकेशन, म्हणजे नेमणुकीचं मूळ ठिकाण, काय लिहिलंय बघा. पुणे लिहिलं असेल (बहुतेक तेच असणार) तर कंपनी बोलावू शकते, मधल्या काळातली सूट ही पॉलिसी होती, करार नव्हता. मधे कधी ‘पर्मनंट रिमोट’ असं लेखी आलं असेल तर तो मेल जपून ठेवा, पण तो ऑफिसच्या लॅपटॉपवरून स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, डेटा पॉलिसीत अडकाल, एचआरकडे रीतसर कॉपी मागा. मग मॅनेजरला लेखी विचारा की माझ्या टीममधले किती जण पुण्यात बसतात. तुमची माणसं चेन्नई आणि नोएडात असतील आणि तुम्ही पावणेदोनशे किलोमीटर येऊन हेडफोन लावून त्यांच्याशीच टीम्सवर बोलणार असाल तर ते मॅनेजरलाही पटतं, फक्त ते त्याच्यासमोर कागदावर यायला हवं. वडिलांच्या तब्येतीचे कागद जोडा आणि ‘मला सूट द्या’ असं मोघम मागू नका, ‘सहा महिन्यांसाठी महिन्यातून सलग सहा दिवस येतो, तारखा या’ असं मागा. मोघम अर्जाला नाही म्हणणं फार सोपं असतं, तारखा घातलेल्या अर्जाला मॅनेजरला थांबून विचार करावा लागतो.

नाहीच ऐकलं तर मंगळवार ते गुरुवार या, सोमवारी रात्री निघा, वाकडला कॉट बेसिसवर सोय करा आणि तेवढ्या काळात दुसरीकडे बघत राहा. मुलीची शाळा लगेच बदलू नका.

प्रश्न : आमचं हिंजवडीजवळ माणला स्वतःच्या जागेत पीजी आहे, १४ खोल्या. २०२० ला सगळ्या रिकाम्या झाल्या, मेस बंद केली, दोन वर्षं हप्ते कसे भरले आमचं आम्हाला माहीत. आता परत पोरं विचारायला येतायत. लोन काढून वरचा मजला चढवू का? – माणहून एक वाचक

दादा, हिंजवडी रिकामी झाली तेव्हा तुमच्यासारख्यांचं, मेसवाल्यांचं, रिक्षावाल्यांचं काय झालं हे कुणी मोजलंच नाही. म्हणून तुम्ही आधी विचारताय हे बरं केलंत.

माझं मत, मजला आत्ता चढवू नका. येणारी पोरं पूर्वीसारखी महिनाभर राहणारी आहेत का तीन रात्रींची, हे सहा महिने वहीत लिहून काढा. तीन दिवसांचं ऑफिस असलेल्या मुलाला अख्ख्या महिन्याचं भाडं जड जातं, त्याच्यासाठी मंगळवार-बुधवार-गुरुवार अशा दोन कॉट वेगळ्या ठेवून बघा. दुसरं, मेट्रोची तीन नंबरची लाईन माण ते शिवाजीनगर कोर्ट अशी २३ किलोमीटरची आहे आणि बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ करत जाते, ती पूर्ण धावायला लागली की शहरातून येणं सोपं होणार. मग ज्यांची घरं शिवाजीनगरकडे आहेत ते खोली घेणारच नाहीत, राहतील ती बाहेरगावची मुलं. तेव्हा त्यांचा अंदाज घेऊनच कर्ज काढा. माणसं बोलावणारा मेल जसा एका दिवसात येतो तसा उलटाही येऊ शकतो आणि तुमचा हप्ता मात्र पंधरा वर्षांचा असतो.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात सुट्टी संपते. ऑफिस खराडीला, पाच दिवस सक्ती. मैत्रीण म्हणते कायद्याने घरून काम द्यावंच लागतं, एचआर म्हणतं असा कायदा नाही. खरं कोण? – पुण्याहून एक वाचक

दोघीही अर्ध्या बरोबर आहेत. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना पगारी सुट्टी २६ आठवडे झाली आणि त्याच दुरुस्तीत एक कलम आलं की कामाचं स्वरूप तसं असेल तर सुट्टी संपल्यावर घरून काम देता येईल, किती काळ आणि कुठल्या अटींवर ते दोघांनी मिळून ठरवायचं. म्हणजे तरतूद आहे, पण ‘द्यावंच लागेल’ असं नाही. एचआरने ‘कायदाच नाही’ म्हणणं चूक आहे आणि तुम्ही त्यांना तेवढं शांतपणे लिहून कळवा.

ज्याला कंपनी सहज नाही म्हणू शकत नाही ते वेगळंच आहे आणि ते बायका मागत नाहीत. ५० किंवा त्याहून जास्त लोक कामाला असतील तर ठरलेल्या अंतरात पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आलंय. तेव्हा एकाच मेलमध्ये दोन्ही विचारा, घरून काम शक्य आहे का, आणि नसेल तर पाळणाघर कुठं आहे. कितीतरी ठिकाणी हा दुसरा प्रश्न लेखी गेला की पहिल्याचं उत्तर पटकन सापडतं, हे मी आतून बघितलंय. आणि मागताना अपराधी वाटून घेऊ नका. माझ्या वेळी मागायची सोयच नव्हती, मी टॉयलेटमध्ये उभं राहून दूध काढून टाकलंय, तुमच्यावर ती वेळ यायला नको.

प्रश्न : मी २२ वर्षांची, लातूरची, पहिलीच नोकरी. आमच्याकडे दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घरून चालतं. घरून केलं तर पीजीचे पैसे वाचतात, मी महिन्यातले बरेच दिवस लातूरलाच असते. पण कुणी ओळखत नाही असं वाटतं. – लातूरहून एक वाचक

तुला तू म्हणते. वरती कराडच्या दादांना मी जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट तुला सांगणारेय, त्याचं नवल वाटून घेऊ नकोस. पहिली दोन वर्षं जमेल तेवढं ऑफिसला जा. त्या दादांचं काम शिकून झालंय, त्यांचं नाव झालंय, तुझं अजून व्हायचंय. सॉफ्टवेअर रिलीजच्या रात्री काहीतरी फुटतं आणि सीनिअर कपाळाला हात लावून लॉग वाचत बसतो, तेव्हा त्याच्या मागे उभं राहून जे कळतं ते रेकॉर्डेड ट्रेनिंगमध्ये नसतं. घरून तुला अडलं की तू आधी अर्धा तास विचार करतेस की मेसेज करू का नको, बरोबर ना? ऑफिसात नुसती खुर्ची वळवायची असते.

फक्त जायच्या आधी विचार की तुझा लीड कुठल्या दिवशी येतो. त्याच दिवशी जा. रिकाम्या मजल्यावर एकटी बसायला पीजीचे पैसे घालवू नकोस.

प्रश्न : मी टीम लीड आहे. दर शुक्रवारी हजेरीची शीट वर पाठवायची, तीन दिवस न भरलेल्यांची नावं लाल करायची. काहीजण कार्ड स्वाइप करतात, चहा पितात आणि तासाभरात जातात, ते हिरवे दिसतात. आणि जो खरंच काम ओढतो त्याची आई आजारी आहे म्हणून तो लाल. मला हे करवत नाही. – पिंपरीहून एक वाचक

शीट खोटी भरू नका, कितीही वाटलं तरी. एकदा उघड झालं तर तुमचीही नोकरी जाईल आणि त्या मुलालाही वाचवता येणार नाही.

पण शीटला दुसरी शीट जोडायला कुणी मनाई केलेली नाही. त्याच मेलमध्ये खाली त्या आठवड्यात कुणी काय पूर्ण केलं ते लिहा, नाव आणि काम, चारपाच ओळी. लाल नावापुढे सगळ्यात जास्त काम दिसतंय हे सलग आठ-दहा शुक्रवार वरच्याच्या डोळ्यांसमोर जाऊ द्या, मग अपवादाचा अर्ज तुम्ही स्वतः टीम लीड म्हणून टाका, त्याला टाकायला लावू नका. आणि टीमचा एक दिवस ठरवा, समजा बुधवार, त्या दिवशी सगळ्यांनी यायचं, डिझाइनची चर्चा, नव्या मुलांचे प्रश्न, भांडणं, जे समोरासमोर करायचं ते सगळं त्या दिवशी. स्वाइप करून निघून जाणारे त्या दिवशी थांबतात का ते बघा. थांबले तर त्यांना कामचुकार म्हणायची घाई करू नका, इतर दिवशी त्यांना थांबण्यासारखं तिथं काही नव्हतं एवढंच.

त्या मुलाच्या अर्जाचं काय झालं ते मला कळवा.