पोहता येत नसेल तर प्रवाळ बेटावर एका दिवसात काय दिसतं?

तुम्ही विचारलंय, अंदमानात एकच दिवस हाताशी आहे, पोहता येत नाही, तर जॉली बॉय बेटावर जावं का आणि कासव दिसेल का. जावं. कासव मला दिसलं नाही. पण जे दिसलं त्यावरून आमच्या घरात अजून वाद निघतो, म्हणून लिहायला बसले.

2019 च्या जानेवारीत सासरची आम्ही नऊ माणसं कोल्हापूरहून गेलो होतो. बेटाकडे बोटी सुटतात त्या वंडूरच्या धक्क्यावर प्लास्टिकच्या बाटल्या अडवतात, तिथेच भाऊजींची कुरकुर सुरू झाली. पुढे बोट खारफुटीच्या कडेनं तासभर जाते. बेटावर ना वस्ती, ना चहाची टपरी.

काचेच्या तळाच्या बोटीवर थांबू नका, पाण्यात उतराच. मी जन्मभर रंकाळा काठावरूनच बघितलेली बाई. लाइफ जॅकेट घातलं, गाईडनं रिंगला धरून नेलं, तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा ऐकू आली ती करकर. पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत होता. तो त्यावरचं शेवाळ खातो, दगडाचा चुरा पोटातून बाहेर टाकतो. किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी अशीच तयार होते. परातीएवढा एक शिंपला होता, निळ्या-जांभळ्या ओठांचा. माझी सावली पडली तसे त्यानं ओठ आवळून घेतले. समुद्रफुलातला (फुलासारखा दिसणारा प्राणीच तो) क्लाउनफिश, माझ्या बोटाएवढा, घर सोडून माझ्या मास्कच्या काचेपर्यंत यायचा, परत आत जायचा, परत यायचा. समुद्रकाकडी, हीसुद्धा प्राणीच, वाळूत पडली होती, जून दोडक्यासारखी. सगळंच रंगीत असेल असं मात्र नाही. 2010 साली पाणी तापून अंदमानातले बरेच प्रवाळ पांढरे पडले होते. मेलेल्या फांद्यांचे ढीगही दिसतात.

आता वादाचं. वर आले तर आठ वर्षांच्या पुतण्यानं टोपीत शंख गोळा केलेले. त्यातला एक तळहातावर घेतला. मिनिटभर काही नाही. मग तोंडाशी लालसर नखी दिसली, दोन डोळे बाहेर आले आणि तो चालायला लागला. हर्मिट क्रॅब, शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा. त्याचं पोट मऊ, उघडं असतं, स्वतःचं कवच नसतं. रिकामा शंख मिळेल तो त्याचा निवारा, अंग वाढलं की मोठा शोधायचा. मी टोपी भरतीच्या रेषेजवळ रिकामी केली, रिकामे शंखसुद्धा ठेवू दिले नाहीत. पोरगं रडलं. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘समुद्रात शंखांचा काय दुष्काळ पडलाय? एका शंखापायी पोराची सहल नासवलीस.’’ जाऊबाई परतीच्या बोटीत माझ्याशी बोलल्या नाहीत. अजून दिवाळीला विषय निघतोच.

तर भाऊजी, इथे लिहिते, कारण घरात मला वाक्य पुरं करू देत नाहीत. त्या छोट्या बेटावर रोज बोटी भरून माणसं येतात. प्रत्येकानं चार-चार शंख नेले तर खेकड्यांनी राहायचं कुठे? आपल्या शोकेसमध्ये मालवणचे शंख आहेत, ते धूळ खातायत, कुणी बघतसुद्धा नाही. आणि हा माझा हट्ट नव्हता. राष्ट्रीय उद्यान आहे ते, 1983 पासून, तिथून काहीच उचलायचं नसतं. प्रवाळ आणि समुद्रकाकडी तर 2001 साली वाघाच्या पंगतीला, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलेत. पोराला रडवलं, खरंय. पण त्याच पोरानं टोपी रिकामी झाल्यावर पालथं पडून तो खेकडा पाण्याकडे जाईपर्यंत बघितलाय. ते तुम्ही बघितलं नाहीत, तुम्ही डब्यातल्या चपात्या काढत होता.

तुमच्यासाठी राहिलेलं: जॉली बॉय वर्षभर उघडं नसतं, ते बंद असताना रेडस्किन नावाच्या दुसऱ्या बेटावर नेतात, आधी चौकशी करा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. पाय टेकायचे ते वाळूवरच, प्रवाळावर नाही, गाईड उभं राहा म्हणाला तरी नाही. आणि मुलं बरोबर असतील तर बोटीत चढण्याआधी त्यांच्या टोप्या नि खिसे बघा.