'हाउंड्स ऑफ लव्ह'चा आवाज लॅपटॉपवर का जमत नाही

तुमचे प्रश्न दोन. ब्रिटिश गायिका केट बुशच्या १९८५ च्या 'हाउंड्स ऑफ लव्ह' या अल्बममधल्या 'रनिंग अप दॅट हिल' या गाण्याची सुरुवातीची धून आणि ड्रम घरी बनवायचे आहेत, पण महागडी चेलो लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संग्रह) आणि गेटेड रिव्हर्बचा, म्हणजे मध्येच एकदम कापलेल्या मोठ्या गुंजेचा, तयार प्रीसेट लावूनही ते आजचंच वाटतं. आणि दुसरं, या अल्बमचं इतकं कौतुक का.

पहिल्याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: लायब्ररी फार चांगली आहे.

ती धून फेअरलाइट सीएमआय या ऑस्ट्रेलियन सॅम्पलरवरची, म्हणजे आवाज साठवून कीबोर्डवर वाजवणाऱ्या यंत्रावरची. त्याच्या त्या काळच्या आवृत्त्यांत आवाज ८ बिटमध्ये साठवला जाई आणि एका आवाजाला जागा मिळे फक्त १६ केबी. सेकंदाला १६,००० नमुने (आवाजाची मोजमापं) घेतले तर जेमतेम एक सेकंद मावतो. त्या सेकंदभर चेलोवर अख्खा कीबोर्ड वाजवायचा. आजच्या लायब्ररीत जवळजवळ प्रत्येक सुराचं वेगळं रेकॉर्डिंग असतं, म्हणून ती खऱ्या चेलोसारखी वाजते. तुम्हाला खरा चेलो नकोच आहे.

तेव्हा मधल्या सप्तकातला एकच लांब सूर घ्या. त्यातला एक सेकंद कापा, १६ किलोहर्ट्झ आणि ८ बिटवर उतरवा, मग साध्या सॅम्पलरमध्ये सगळ्या पट्ट्यांवर पसरवा. टाइम-स्ट्रेच (सूर बदलला तरी लांबी तीच ठेवणारी सोय) बंद. एक सप्तक वर वाजवलं की तुकडा अर्ध्या सेकंदात संपतो, त्यामुळे लूप, म्हणजे तोच भाग पुन्हा पुन्हा वाजवणं, लागणारच. लूपची दोन्ही टोकं लहर शून्यावरून जाते तिथे जुळवा, नाहीतर दर फेरीला 'टक्' ऐकू येईल. अटॅक (सूर पूर्ण जोरात यायला लागणारा वेळ) ६०-७० मिलिसेकंदांपासून सुरू करून कानाने ठरवा.

बहुतेकांचं फसतं ते बिटक्रशरपाशी, म्हणजे आवाज मुद्दाम खराब करणाऱ्या इफेक्टपाशी. तो इफेक्ट्सच्या साखळीच्या शेवटी लावला की सगळे सूर एकसारखे खरखरतात. फेअरलाइटमध्ये सूर बदलला की नमुने वाचायचा वेगच बदलायचा, म्हणून खालच्या सुरांची खरखर जाड आणि वरच्यांची बारीक. आधी आवाज खराब करा, सूर मग चढवा-उतरवा.

आता ड्रम. मूळ ठेका केटचा बासवादक डेल पामरने लिनड्रम या ड्रम मशीनवर बसवलेला. गाणं त्या ठेक्यावर आणि खाली धरून ठेवलेल्या एका सुरावर उभं आहे. आपल्याला तानपुरा आठवावा असा तो सूर. स्टुअर्ट इलियटचे खरे ड्रम त्यावर चढले. म्हणून दोन्ही थर हवेत: मशीनचा कोरडा, काटेकोर ठेका मधोमध आणि माणसाने वाजवलेले टॉम (खोल आवाजाचे ड्रम) त्याच्याभोवती. नुसत्या एकाच थराला रिव्हर्ब लावून ते वजन येत नाही.

गेटेड रिव्हर्ब गाजला तो ब्रिटिश गायक पीटर गेब्रियलच्या १९८० च्या तिसऱ्या अल्बममुळे: लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ, इंजिनिअर ह्यू पॅजम, ड्रमवर फिल कॉलिन्स. केट त्या अल्बमवर साथीला गायली आहे, आणि फेअरलाइटशी तिची गाठ पडली तीही गेब्रियलमुळेच. प्रीसेट विसरा आणि साखळी स्वतः लावा. कोरडा ड्रम आहे तसा ठेवा. त्याची सेंड (आवाजाची प्रत) वेगळ्या ट्रॅकवर न्या आणि तिथे क्रमाने रिव्हर्ब, कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबून चढउतार कमी करणारा), गेट (ठरावीक पातळीखाली आवाज बंद करणारं). रिव्हर्ब दीड-दोन सेकंदांचा मोठाच हवा. आखूड घेतला तर गेटला कापायला काही उरतच नाही. कॉम्प्रेसर ८:१ च्या आसपास, म्हणजे गुंजेची शेपूट विझण्याऐवजी फुगून राहते. गेटची साइडचेन (ते कधी उघडायचं हे ठरवणारा सिग्नल) कोरड्या स्नेअरवरून, म्हणजे मुख्य ठोक्याच्या ड्रमवरून घ्या, रिव्हर्बवरून नाही. नाहीतर शेपूट उंबरठ्यापाशी रेंगाळते आणि गेट फडफडत राहतं. लय मिनिटाला साधारण १०८ ठोके, म्हणजे एक ठोका ५५६ मिलिसेकंद, अर्धा २७८. होल्ड (गेट उघडं राहण्याचा वेळ) २७८ च्या किंचित आत ठेवा, रिलीज (ते बंद व्हायचा वेळ) १०-२० मिलिसेकंद. आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी) या सेंडवर जाऊच देऊ नका, प्रत्येक टकटकीला गेट उघडेल. गेब्रियलने तर त्या अल्बमवर झांजांना बंदीच घातली होती.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर एका शब्दात: डेमो, म्हणजे गाण्याचं पहिलं कच्चं रेकॉर्डिंग. तिचा १९८२ चा अल्बम 'द ड्रीमिंग' भाड्याच्या स्टुडिओंत, घड्याळाकडे बघत झाला होता. १९८३ मध्ये केटने लंडनच्या आग्नेय टोकाला, वेलिंगमधल्या कुटुंबाच्या शेतघरी स्वतःचा स्टुडिओ उभारला. एरवी डेमो ऐकून बाजूला ठेवतात आणि गाणं पहिल्यापासून नव्याने रेकॉर्ड करतात. त्यात पहिल्या वेळचा जीव निघून जातो. इथे डेमोच मोठ्या टेपवर उतरवले आणि बाकी सगळं त्यांच्यावर चढवलं. त्या पहिल्या थरावर वर्षभराहून जास्त काम करता आलं, कारण तासाचं भाडं चढत नव्हतं.

त्या सवडीचा पुरावा अल्बममधल्या 'हॅलो अर्थ'मध्ये आहे. गाण्यात दोन ठिकाणी सगळं थांबतं आणि पुरुषांचा कोरस सुरू होतो. त्या जागा बराच काळ नुसत्या रिकाम्या होत्या. शेवटी तिथे जॉर्जियाचं 'त्सिंत्सकारो' हे लोकगीत बसलं, जे तिने हेर्त्सोगच्या 'नोस्फेरातू' या चित्रपटात ऐकलं होतं. गायले रिचर्ड हिकॉक्स सिंगर्स. भाड्याच्या स्टुडिओत इतके दिवस भोक उघडं ठेवायची हिंमत कोण करतो? उलट्या बाजूचं उदाहरण 'क्लाउडबस्टिंग'चं: शेवटी वाद्यं एकेक करून विस्कळीत थांबत होती, म्हणून त्यावर थांबत जाणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा आवाज घातला. झाकणच, पण काय झाकण! शीर्षकगीतात बास गिटार नाही, खालचं वजन चेलो उचलतो. 'जिग ऑफ लाइफ'साठी ती डब्लिनला गेली. फिडल जॉन शीहनचं, आयरिश पाइप लिअम ओ'फ्लिनचे.

पुढचं थोडक्यात. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, मॅडोनाचा 'लाइक अ व्हर्जिन' खाली सरकवून. 'रनिंग अप दॅट हिल' मात्र तेव्हा तिसऱ्यावर थांबलं आणि पहिलं आलं ते जून २०२२ मध्ये, 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे. त्यातली एक गंमत फारशी सांगितली जात नाही: ब्रिटिश चार्टमध्ये जुन्या गाण्याच्या स्ट्रीमला निम्मंच वजन मिळतं. या गाण्याला त्यातून सूट मिळाली आणि मगच ते पहिल्यावर पोचलं.

ऐकताना गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पाडणारी सोय) चालू आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी) बंद ठेवा. पहिली पाच गाणी झाली की थांबा, चहा करा. एलपीवर इथे बाजू बदलते, आणि पुढची सात गाणी म्हणजे 'द नाइन्थ वेव्ह', रात्री पाण्यात एकट्या तरंगणाऱ्या बाईची सलग गोष्ट. ती पहिल्या बाजूला चिकटवून ऐकली की सपाट होते. २०१८ चं रीमास्टर चालेल. १९९७ ची सीडी मिळाली तर तिच्यावर 'द मॉर्निंग फॉग'नंतर सहा जादा ट्रॅक आहेत. त्यातलं 'अंडर द आयव्ही' जरूर ऐका, पण दुसऱ्या दिवशी.