'सौर जलशोधक यान' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: सौर ऊर्जेवर चालणाऱ्या आणि परग्रहावर पाणी शोधणाऱ्या यानाला 'सौर जलशोधक यान' म्हटलं तर चालेल का?

व्याकरण आड येत नाही, पण अर्थ दोन्ही टोकांना निसटतो.

आधी 'जलशोधक' घेऊ. संस्कृतातला 'शुध्' धातू शुद्ध होण्याचा, म्हणून शोधन म्हणजे स्वच्छ करणं. रक्तशोधक औषध काही रक्त शोधत फिरत नाही. मुद्रितशोधकाच्या नावातही शुद्ध करणंच आहे, चुका हुडकणं हे त्याचं रोजचं काम. (गाळता-पाखडताना हवी ती वस्तू हाती येते. मराठी 'शोधणे'चा अर्थ याच वाटेनं सरकला असावा, असं मला वाटतं.) त्यामुळे 'जलशोधक' वाचून डोळ्यांपुढे येईल ते पाणी शुद्ध करायचं यंत्र.

बरं, 'पाण्याचा शोध' म्हणावं, तर तिथेही फसगत. 'मंगळावर पाण्याचा शोध' या मथळ्यातून पाणी सापडलं की शोधताहेत, हे कळत नाही. मराठीत खरं काम क्रियापद करतं: शोध घेतात, शोध लागतो, शोध लावतात. मथळ्यात जागा वाचवायला नेमकं तेच उडवलं जातं. नासाचं फिनिक्स यान मे २००८मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलं ते शोध घ्यायला. जूनमध्ये त्यानं खणलेल्या चरातले पांढरे खडे चारेक दिवसांत नाहीसे झाले. मीठ असतं तर तसंच राहिलं असतं, म्हणजे तो बर्फ होता आणि न वितळता थेट वाफ होऊन उडाला. जुलैअखेर यानातल्या भट्टीत माती तापवल्यावर पाण्याची वाफ मिळाली. तेव्हा कुठे 'शोध लागला' म्हणता आलं. 'शोध लावला' मात्र मी म्हणणार नाही, कारण मंगळावर बर्फ आहे हे आधीच्या यानांमुळे ठाऊक होतं.

आता 'सौर'. सौर पंप सूर्याच्या ऊर्जेवर चालतो, सौर वारा सूर्यापासून निघतो आणि सौर मोहीम सूर्याचा अभ्यास करते, जशी आदित्य-एल१ची. शब्द एकच, नाती तीन. आदित्यला ऊर्जाही सूर्याचीच, त्यामुळे तिथे पहिला अर्थ घ्या की तिसरा, चालेल. पण फिनिक्सला 'सौर यान' म्हटलं, तर ते सूर्याकडे निघालंय असं वाटेल. 'सौरचलित' त्यातल्या त्यात बरं.

मी सरळ 'सौर ऊर्जेवर चालणारं, पाणी शोधणारं यान' लिहीन. लांबतं, कबूल. पुढच्या उल्लेखांत नुसतं 'यान' पुरे. आणि फिनिक्सचं काम कशानं थांबलं हे सांगताना 'सौर ऊर्जेवर' हे शब्द कामालाच येतील: हिवाळा जवळ आला, सूर्य खाली सरकला, धुळीनं प्रकाश आणखी मंदावला आणि नोव्हेंबर २००८मध्ये संपर्क तुटला.